एसबीएआर मधला 'ए' गिळणाऱ्या सिस्टरला

पत्र बरंच लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मी ३४ वर्षांची, बीएस्सी नर्सिंग, नोकरीला ९ वर्षं झाली आणि त्यातली ७ आयसीयूत. हल्ली सारखं वाटतं की हे काम मी झोपेतही करेन, पण निर्णय मात्र कायम दुसरंच कुणीतरी घेतं. अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिससाठी मास्टर्स करायचं मनात आहे, नर्स प्रॅक्टिशनर वगैरे. मैत्रीण म्हणते एज्युकेशन नाहीतर अ‍ॅडमिन घे, नाइट्स सुटतील. एक डॉक्टर हसून म्हणाले, मग डॉक्टरच व्हायचं होतं की. मुलगी ४ वर्षांची आहे. ऑनलाइन करू की रेग्युलर, नोकरी सोडू की ठेवू, वय झालंय का, काहीच कळत नाही. स्टॅटिस्टिक्सचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. आणि इनचार्जना कधी सांगू? – आयसीयूवाली"

आयसीयूवाली,

तू हे नाइट संपल्यावर लिहिलंयस हे मला दुसऱ्या परिच्छेदातच कळलं, कारण एका ठिकाणी पेशंट लिहायच्या जागी "बेड ६" लिहिलंयस आणि दोन वाक्यं अर्धीच सोडलीयत. असू दे, आपल्यात चालतं.

उत्तर द्यायच्या आधी मलाच तुला एक विचारायचंय. रात्री ऑन कॉल डॉक्टरांना फोन लावतेस तेव्हा एसबीएआर, म्हणजे पेशंटची स्थिती कळवायची आपली चार टप्प्यांची पद्धत, पूर्ण म्हणतेस का गं? सिच्युएशन आणि बॅकग्राउंड आपण सगळ्याच धडाधड सांगतो, त्यात कुणी आपला हात धरणार नाही. पण पुढचे दोन, असेसमेंट आणि रेकमेंडेशन? "मला हा सेप्सिसकडे चाललेला वाटतोय, लॅक्टेट आणि ब्लड कल्चर पाठवते, तुम्ही बघायला येताय का" असं म्हणतेस, की "सर बीपी ९० बाय ६० आहे, काय करू" म्हणून थांबतेस? बहुतेकींचं दुसरंच असतं. माझंही १२ वर्षं दुसरंच होतं. मनातल्या मनात असेसमेंट झालेलं असतं, कधीकधी तर डॉक्टरांच्या अर्धा तास आधी झालेलं असतं, पण ओठांपर्यंत आलं की आपण गिळून टाकतो, कारण पहिल्या वर्षापासून कानावर हेच पडलेलं असतं की निदान करणं आपलं काम नाही, आपण बघायचं आणि कळवायचं.

अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसचं मास्टर्स म्हणजे, बाकी सगळी सजावट बाजूला काढली तर, तो गिळलेला ए आणि आर मोठ्याने म्हणायला शिकणं आणि मग त्याच्याखाली स्वतःची सही करणं. सही म्हणतेय मी, नीट ऐक. निर्णय दुसरं कुणी घेतं याचा त्रास होतो असं तू लिहिलंयस, ते खरंच आहे, पण तोच दुसरा माणूस रात्री घरी जाऊन "तो डोस बरोबर होता ना" म्हणत छताकडे बघत पडतो, ते आपल्याला हँडओव्हर देऊन निघताना दिसत नाही. तुला निर्णय हवाय की निर्णयासकट ते छतही हवंय, हे आधी ठरव. खरंच हवं असेल तर पुढचं वाच, बाकीचे तुझे प्रश्न सुटण्यासारखे आहेत.

माझा पहिला क्लिनिकल दिवस सांगते. वॉर्डात मला सगळे ओळखत होते, शिरेत लाइन लागत नसली की मला बोलवायचे, आणि मी त्या दिवशी विद्यार्थिनी म्हणून कोरी वही घेऊन उभी. एका आजोबांची हिस्टरी घेतली, तपासलं, आणि कन्सल्टंटना केस सांगितली. व्हायटल्स सांगितले, इनटेक आउटपुट सांगितलं, कालच्या लॅब्ज पाठ होत्या त्याही सांगितल्या. ते ऐकत होते, मग म्हणाले, आकडे मला चार्टवर दिसतायत सिस्टर, तुमचं काय म्हणणं आहे? आणि मी परत आकडेच सांगायला लागले! तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे मत होतं पण ते वाक्यात मांडायची सवयच नव्हती. १२ वर्षांची सीनियर आणि तोंडातून शब्द फुटेना, घरी येऊन रडले चक्क.

हे तुझंही होणार. पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सच्या कौशल्याच्या ५ पायऱ्या सांगितल्या होत्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत, शाळेत पाठ केल्या असशील. आपण पाठ करताना समजतो की ही एकदाच चढायची असते. तसं नाहीये, भूमिका बदलली की तू परत खालच्या पायरीवर, आणि आयसीयूच्या नर्सला हे जास्त लागतं कारण आपल्याला कुणापुढे "मला येत नाही" म्हणायची सवयच राहिलेली नसते. माझ्या बॅचमध्ये ज्या दोघी सोडून गेल्या त्या अभ्यासाला कंटाळून नाही गेल्या, हा अपमान सहन झाला नाही म्हणून गेल्या. हुशार होत्या दोघी.

आता विचार करायची पद्धत बदलते म्हणजे नक्की काय होतं, ते तुझ्याच कामातलं उदाहरण घेऊन बघ. सर्जरीनंतरचा तिसरा दिवस, रात्री ३ वाजता पेशंटला दम लागलाय. आजची तू काय करशील? डोकं वर, ऑक्सिजन, मॉनिटर, एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) पाठवायची तयारी, फोन. सगळं बरोबर. पण मास्टर्सनंतर त्या फोनच्या पलीकडच्या टोकाला तू असशील. मग प्रश्न असा की हा न्यूमोनिया आहे, की फुफ्फुसाचा तळ नुसता मिटलाय, की पायातली गुठळी वर गेलीय, की फ्लुइड जास्त झालंय, की हार्टच दमलंय. दिसायला दम एकच. पण सेप्सिस असेल तर कदाचित फ्लुइड द्यावं लागेल आणि फुफ्फुसात आधीच पाणी साठलेलं असेल तर तेच फ्लुइड घात करेल. गुठळीसाठी सीटी करायचा तर शिरेतून कॉन्ट्रास्ट जाणार, मग किडनीसाठी क्रिएटिनिन बघ. गुठळीवरचं एनॉक्सापॅरिन सुरू करायचं तर किडनी खूप खालावलेल्या पेशंटला नेहमीचा डोस चालत नाही, शिवाय परवाच पोट उघडलंय तर रक्तस्राव होईल का तेही बघ. आणि हे सगळं रिपोर्ट येण्याच्या आधी, अर्धवट माहितीवर. म्हणून या कोर्सचा कणा तीन विषयांचा असतो, अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, अ‍ॅडव्हान्स्ड फिजिकल असेसमेंट आणि अ‍ॅडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी, अमेरिकेत पोरी त्यांना थ्री पीज म्हणतात. ज्या कोर्सच्या सिलॅबसमध्ये हे तीन वेगवेगळे आणि भरपूर तासांचे दिसत नाहीत आणि थिअरीज ऑफ नर्सिंगचीच पानं भरलेली दिसतात, तो अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसचा कोर्स नाही, नाव काहीही असो. (थिअरीजवर माझा राग नाही, फक्त रात्री ३ ला त्या उचलून धरत नाहीत.)

पुढचं. तू "नर्स प्रॅक्टिशनर वगैरे" असं लिहिलंयस, त्या वगैरेमध्येच सगळी गोम आहे. वगैरेला अ‍ॅडमिशन मिळत नाही. नर्स प्रॅक्टिशनर तपासते, निदान करते, तपासण्या सांगते, नियमात बसेल तिथे औषध लिहिते. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टचा रोख वेगळा असतो, ती अवघड पेशंट बघतेच पण तिचं निम्मं लक्ष युनिटवर असतं, म्हणजे सेंट्रल लाइनचं इन्फेक्शन का वाढलं, बेडसोर कोणत्या शिफ्टमध्ये नजरेतून सुटतायत, नवीन मुलींना व्हेंटिलेटर शिकवायचा कसा. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात या दोन भूमिका वेगवेगळ्या करून मांडल्यायत. अ‍ॅनेस्थेशिया आणि मिडवायफरी या आणखी दोन वाटा, त्यांचे कोर्स वेगळे, परीक्षा वेगळ्या. अ‍ॅनेस्थेशियाचा विचार असेल आणि अमेरिका डोक्यात असेल तर एक सांगून ठेवते, तिथे जानेवारी २०२२ पासून या शाखेत नव्याने शिरणाऱ्याला डॉक्टरेटचाच कोर्स करावा लागतो, नुसत्या मास्टर्सवर आता दार उघडत नाही. जुन्या सीनियर्स मास्टर्सवर काम करतायत ते बघून लोक फसतात.

नर्स प्रॅक्टिशनरमध्येही परत फाटे आहेत. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलनुसार लायसन्स तुझ्या भूमिकेला आणि पेशंटगटाला बांधलेलं असतं, म्हणजे फॅमिली, मोठी माणसं आणि वृद्ध, लहान मुलं, नवजात, स्त्रियांचं आरोग्य, मानसिक आरोग्य, आणि काहींमध्ये पुन्हा अ‍ॅक्यूट वेगळं, प्रायमरी वेगळं. मला दरवर्षी असं एक तरी पत्र येतं की फॅमिलीच्या सीट्स जास्त होत्या म्हणून फॅमिली केलं, मला काय आयसीयूचा अनुभव आहेच, तर आता आयसीयूत घेत नाहीत. का घेतील? नर्स म्हणून मिळालेला अनुभव वेगळा आणि त्या पेशंटगटासाठी निर्णय घ्यायचं मिळालेलं शिक्षण वेगळं. तुला व्हेंटवरचेच पेशंट बघायचे असतील तर अ‍ॅक्यूट किंवा क्रिटिकल केअरचीच शाखा शोध, एक वर्ष थांबावं लागलं तरी थांब. आणि उलट जर आयसीयूचाच कंटाळा आला असेल, ७ वर्षांनी येऊ शकतो, लाज वाटायचं कारण नाही, तर तेही आत्ताच मान्य कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी स्वतः केलं नाही. डिग्री आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिग्री युनिव्हर्सिटी देते, अधिकार रेग्युलेटर देतो, आणि रोजचं काम प्रत्यक्षात हॉस्पिटल देतं, तिघांपैकी एकाने जरी हात वर केले तरी तुझा ए परत घशातच. कुठून लिहितेयस ते तू लिहिलं नाहीस म्हणून दोनचार ठिकाणचं सांगते म्हणजे फरक किती आहे ते कळेल. अमेरिकेत मास्टर्सनंतर राष्ट्रीय सर्टिफिकेशनची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, आणि काही राज्यांत तू स्वतंत्र काम करू शकतेस तर काहींत डॉक्टरशी करार लागतो, एकच डिग्री आणि सीमा ओलांडली की हात बांधलेले. ऑस्ट्रेलियात नर्स प्रॅक्टिशनर हे नाव कायद्याने राखीव आहे, मान्यताप्राप्त मास्टर्स तर हवंच पण मागच्या ६ वर्षांत अ‍ॅडव्हान्स्ड पातळीवरच्या कामाचे ५००० तासही दाखवावे लागतात, म्हणजे तिथे आधी काम आणि मग पाटी. यूकेत अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसचे ४ खांब मानतात, क्लिनिकल, लीडरशिप, शिक्षण आणि संशोधन, आणि औषध लिहायचं तर प्रिस्क्रायबिंगची पात्रता रजिस्टरवर वेगळी नोंदवावी लागते. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा २ वर्षांचा रेसिडेन्सी पद्धतीचा पोस्टग्रॅज्युएट कोर्स आहे, आणि तो आपल्या नेहमीच्या एमएससी मेडिकल सर्जिकलपेक्षा वेगळा आहे, दोन्हींना लोक सर्रास "एमएससी" म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

मी काय केलं? कोर्स बघितला, कॉलेज बघितलं, फी बघितली, पण पोस्ट आहे का ते बघितलंच नाही. २ वर्षांनी डिग्री घेऊन ज्या हॉस्पिटलात परत गेले, नाव नको, त्यांनी अभिनंदन केलं, ग्रुपवर फोटो टाकला आणि सोमवारी मला तोच ६ बेडचा क्यूबिकल दिला. जॉब डिस्क्रिप्शन तेच, पगार थोडा वर. ऑर्डर लिहायची मुभा नाही, राउंडला मत विचारणं नाही. ११ महिने काढले तसे. चूक त्यांचीही होती पण अर्धी माझी, कारण अशी पोस्टच तिथे कागदावर नव्हती आणि मी कधी विचारलं नव्हतं.

म्हणून अर्ज भरायच्या आधी हे कर. जे काम करायचंय ते आत्ता करत असलेलं एक जिवंत माणूस शोध, आणि तिच्यामागे एक पूर्ण दिवस फिर. तिला विचार की तू कशाखाली सही करतेस, कशाला डॉक्टरची सही लागते, कोणती औषधं लिहू शकतेस, पेशंटला काही झालं तर इन्शुरन्स कोणाचा, रात्री तुझ्या निर्णयावर कोणी आक्षेप घेतला तर शेवटचा शब्द कुणाचा. आणि तुला जिथे नोकरी हवी त्या दोनतीन हॉस्पिटलांना सरळ विचार की या पदासाठी तुमच्याकडे लेखी जॉब डिस्क्रिप्शन आहे का आणि कोणती प्रोसिजर करायची परवानगी देता. आहे म्हणाले तर बघायला माग. असं एकही माणूस आणि एकही कागद सापडला नाही तर कोर्स वाईट ठरत नाही, पण मग तू त्या पोस्टची पहिलीच असशील आणि पहिलीला पेशंटपेक्षा मीटिंगा जास्त कराव्या लागतात. ते जमणार असेल तर जा.

डॉक्टर हसले त्याबद्दल. हसू देत. हे हसणं जुनं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मगॉ या नर्सने १९०६ मध्ये १४,००० हून जास्त अ‍ॅनेस्थेशियांचा हिशेब छापला होता आणि त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता, तरी नर्सने भूल देणं म्हणजे डॉक्टरकी करणं आहे असा वाद पुढे कोर्टात गेलाच, आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने नर्सच्या बाजूने निकाल दिला. १९६५ मध्ये कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स सुरू केला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत डॉक्टर होते तसे नर्सिंगमधलेही होते, हे आपण सोयीने विसरतो. आणि काम कसं होतं म्हणशील तर २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने १८ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, प्रायमरी केअरमध्ये डॉक्टरऐवजी नर्सने बघितलं तर पेशंटचं काय होतं ते, तर निकाल साधारण तेवढेच चांगले किंवा थोडे बरे, पेशंट जास्त समाधानी, आणि वेळ मात्र नर्स जास्त घेतात. ते प्रायमरी केअरचं आहे हां, आयसीयूचं नाही, वादात वापरताना एवढं लक्षात ठेव नाहीतर तोंडघशी पडशील.

पण त्या डॉक्टरांच्या बोलण्यात एक खरा प्रश्नही आहे आणि तो तू स्वतःला विचारावास असं मला वाटतं. डॉक्टर व्हायचं राहून गेलं ही खंत भरून काढायला हे करत असशील तर करू नकोस, ती खंत यातून भरत नाही, उलट रोज कुणीतरी मीठ चोळतं. पेशंटच्या बाजूला ७ वर्षं उभं राहून जे दिसलं, म्हणजे घरी गेल्यावर ही गोळी तो घेणारच नाहीये, बायकोला इन्सुलिनची सुई टोचायची भीती वाटतेय, हे सगळं धरून निर्णय घ्यायचा असेल तर मग तू नर्सच आहेस, फक्त जरा लांब हात असलेली.

ऑनलाइन की रेग्युलर. थिअरी ऑनलाइन चालते, मी तर म्हणेन लहान मूल असेल तर बरंच, रात्री ११ ला लेक्चर पॉज करून ठेवता येतं. पण हात ऑनलाइन तयार होत नाहीत. म्हणून कोर्स विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचार, पेशंटसमोरचे क्लिनिकल तास किती आणि प्रिसेप्टर, म्हणजे तिथे तुला हाताखाली घेऊन शिकवणारा, कोण शोधणार. तासांचं म्हणशील तर अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सेससाठी बरीच वर्षं किमान ५०० तास धरायचे, २०२२ च्या निकषांत ते ७५० केले, आणि खरं सांगू, ७५० सुद्धा कमीच वाटतात, एखाद्या डॉक्टर रेसिडेंटचे तेवढे तास काही महिन्यांत होतात. प्रिसेप्टरचं तर विचारूच नकोस. काही कोर्स चक्क विद्यार्थिनीवर सोडतात की तुझं तू शोध, मग पोरी ओळखीपाळखीत, मेसेज करून करून, अनोळखी क्लिनिकच्या दारात उभ्या राहतात आणि शेवटी जो मिळेल तो घेतात. वाईट प्रिसेप्टर म्हणजे तुला कोपऱ्यात उभं करून स्वतःच भराभर पेशंट बघून मोकळा होणारा, चांगला म्हणजे "तुमचं काय म्हणणं आहे" तीनतीनदा विचारणारा. माझ्या त्या कन्सल्टंटचा मला तेव्हा राग आला होता, आता त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. मान्यता आहे का, आणि पहिल्या फटक्यात परीक्षा पास होणाऱ्या मुली किती, हे दोन्ही लेखी माग. सांगायला टाळाटाळ केली तर फोन ठेव.

नोकरी. पूर्ण सोडू नकोस शक्य असेल तर, पण पूर्णही ठेवू नकोस. पूर्ण वेळ केलं तर साधारण २ वर्षं, पार्ट टाइम ३ ते ४. मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला की नाइट्स चालू ठेवायच्या आणि सकाळी क्लिनिकलला जायचं, कारण नाइट अलाउन्सशिवाय महिना बसत नव्हता. एका सकाळी असंच उभ्याउभ्या डुलक्या घेत मी एक डोस लिहिला, मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम. प्रिसेप्टरने पानावरच पकडला, पेशंटपर्यंत गेला नाही. ती काही बोलली नाही, नुसतं पान माझ्यापुढे सरकवलं. त्या दिवसानंतर क्लिनिकलच्या आदल्या रात्री ड्युटी घेतली नाही, पगार गेला तर गेला. तू हा नियम पहिल्या दिवसापासून पाळ. पैशाचा हिशेब करताना अजून एक, नवीन पोस्टचा पगार दिसायला जास्त असतो पण नाइट अलाउन्स, ओव्हरटाइम हे त्यात बहुधा नसतं, तर हातात येणाऱ्या रकमेची तुलना कर, कागदावरच्या नको.

मुलगी ४ वर्षांची आहे तर तिला काही कळणार नाही असं समजू नकोस, तिला सगळं कळतं. माझा मुलगा तेव्हा ५ चा होता, मी पुस्तक उघडलं की येऊन बंद करायचा. आम्ही मग असं ठरवलं की आठवड्यातून एक अख्खी दुपार पुस्तक त्याने लपवायचं आणि मी शोधायचं नाही. घरच्यांशी मात्र "मदत कराल ना" असं मोघम बोलू नकोस, वार आणि वेळ ठरवून घे, मंगळवार गुरुवार संध्याकाळी कोण, परीक्षेच्या आठवड्यात कोण. मोघम होकार पहिल्याच तापाला मोडतो.

वय नाही झालं. ३४ ला सुरू केलं तर ३६ ते ३८ च्या दरम्यान संपेल, आणि आयसीयूची ७ वर्षं हातात असणं ही तर तुझी खरी कमाई आहे, जिला पेशंट कोसळायच्या आधी चेहरा बघून कळतं तिला असेसमेंटचा अर्धा धडा आधीच येतो.

स्टॅटिस्टिक्स, अगं ते सोडवायला कॉम्प्युटर असतो. तुला एवढंच यायला हवं की एखादा पेपर समोर आला तर त्यातले पेशंट माझ्या पेशंटसारखे आहेत का, फरक खरंच कामाचा आहे की नुसता आकड्यात आहे, आणि किती जणांना औषध दिलं तर एकाला फायदा होतो, एवढं काढता यावं. रोज इन्फ्युजनचे रेट काढतेस तू, हे त्यापेक्षा अवघड नाही.

मैत्रिणीचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. एज्युकेशन चांगलं आहे, जिला शिकवायला आवडत असेल तिने जरूर जावं, पण "नाइट्स सुटतील" म्हणून शिक्षिका झालेल्यांकडून आपण शिकलोय ना, कशा शिकवायच्या ते आठव. आणि अ‍ॅक्यूट केअरच्या पोस्टला नाइट्स असतातच हेही सांगून ठेवते, तुझा हेतू नाइट्स सुटाव्यात असाच असेल तर मैत्रिणीचं ऐक, खरंच.

तोपर्यंत आजपासून एक करून बघ, याला फी नाही. पुढचा महिनाभर प्रत्येक फोनवर एसबीएआरची चारही अक्षरं म्हण. चुकलं तर चुकू दे, वहीत लिहून ठेव की मला काय वाटलं होतं आणि शेवटी काय निघालं. महिन्याने वही उघडून बघ, किती बरोबर आले ते सोड, चुकलेलं पान वाचताना "मला का नाही सुचलं" म्हणून पुस्तक उघडावंसं वाटतंय की वही परत मिटावीशी वाटतेय, तेवढं मला कळव.

इनचार्जना कधी सांगायचं हा तुझा शेवटचा प्रश्न. लपवून फार दिवस जमणार नाही कारण बहुतेक कोर्सना वरिष्ठांचं शिफारसपत्र लागतं, आणि सही कुणाची घेणार? तेव्हा कोर्स नक्की झाला की अर्जाच्या आधीच जा, त्या एकट्या असताना गाठ त्यांना, राउंडच्या वेळी नको. कोणते वार सुट्टी हवी आणि त्या बदल्यात कोणते वीकेंड तू घेशील ते कागदावर लिहून ने. आणि काहीही कर पण पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायच्या आधी सांग, लागल्यावर नको.